भडक्यानंतरची घट

माझी भाची दिव्यानी पाहते सूर्याकडे, पण तिला शोध असतो दुसऱ्या ताऱ्यांचा. हे नीट समजायला मला बराच काळ लागला आणि समजलं आहे असं अजूनही मी ठामपणे म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी वडशाच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकं लावता लावता जेवढं वाचून झालं तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा पुढं विज्ञानाचं काही चुकलं तर दोष माझा समजावा, तिचा नाही.

गेल्या हिवाळ्यात ती थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे आली होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रफुल सर तिच्या मागे लागले होते, की गावची मुलगी आहेस, एकदा येऊन पोरांशी बोल. ते झालं की ती परदेशी जाणार होती, निदान दोन वर्षांसाठी. येण्याआधी फोनवर तिनं मला एवढंच सांगितलं, की मामाजी, त्यांना घरी बोलवू नका.

ते म्हणजे तिचे वडील, लटारूभाऊ. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान.

वडशापासून कुरखेड्यापर्यंत लटारूभाऊंना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो आणि होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात मांडव पडतो. लटारूभाऊ आधी नायक करायचे. केस पिकल्यावर बापाची कामं करू लागले आणि त्यात त्यांचं नाव आणखी वाढलं. त्यांनी आवाज सोडला की समोर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत. त्याच कंपनीत मी हंगामापुरता प्रॉम्प्टर होतो. आज एक नाटक, उद्या दुसरं, तालमी नावापुरत्या, त्यामुळे आमच्याकडे प्रॉम्प्टरशिवाय पडदा उघडत नाही. स्टेजच्या पुढ्यातल्या खड्ड्यात बसायचं, नाटकाची वही मांडीवर धरायची आणि नट अडला की प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुढचं वाक्य द्यायचं. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला याहून सोयीची जागा मिळाली नसती. मी कधी कोणाला काही शिकवलं नाही, तरी कंपनीत मला सगळे मास्तर म्हणत. माझी बायको धुरपता म्हणते, "अर्धी जिंदगी पुस्तकात गेली, अर्धी खड्ड्यात. वर कधी येता?"

प्रत्येक नटाची अडण्याची तऱ्हा वेगळी असते. कोणी खाकरतं, कोणी दोन पावलं मागं जातं. लटारूभाऊ वाक्य विसरले की एकदम स्तब्ध होत, नजर दूर कुठंतरी लावत आणि त्यांची हनुवटी किंचित डावीकडं, माझ्या बाजूला, वळायची. बापाचं दुःख अनावर झालं असं प्रेक्षकांना वाटायचं. त्या थांबण्यावर टाळ्या पडलेल्या मी ऐकल्या आहेत.

माझी बहीण अन्नपूर्णा गेली तेव्हा दिव्यानी बारावीला होती. अन्नपूर्णाला ब्रह्मपुरीला दवाखान्यात ठेवलं होतं. धोका टळला आहे असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच दिवशी कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावात मंडई, म्हणजे गावची वर्षाची जत्रा, होती आणि लटारूभाऊंचा प्रयोग ठरलेला होता. मंडईला घरोघर पाहुणे आलेले असतात. जाहिरात केलेला नट आला नाही तर पाहुण्यांसमोर गावाची मान खाली जाते आणि त्या कंपनीला ते गाव पुन्हा उभं करत नाही. लटारूभाऊ गेले. मी खड्डा सोडून दवाखान्यात थांबलो होतो. पहाटे ते आले तेव्हा सगळं संपलं होतं. दिव्यानी दाराशीच उभी होती आणि त्यांच्या कानामागं नाटकासाठी तोंडाला लावलेला रंग राहून गेला होता. तिनं तो पाहिला. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. भांडलीही नाही. शिकायला नागपूरला गेली, मग दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत, आणि आता त्याहून पुष्कळ दूर चालली होती.

या वेळी तरी त्या दोघांनी एकमेकांशी बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. मी ती कोणाला सांगितली नव्हती. माझ्या इच्छा मी सहसा कोणाला सांगत नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन खात बसलो असताना तिनं मला लॅपटॉपवर सूर्य दाखवला. हायड्रोजनच्या लाल उजेडात घेतलेले फोटो होते ते. मला वाटायचं सूर्य म्हणजे एकसारखी तापलेली थाळी. पण त्यावर डाग होते, केसांसारख्या काळ्या रेषा होत्या आणि एका जागी, डागांच्या जवळ, दोन पांढऱ्या फिती पेटल्या होत्या. हा सौरभडका, ती म्हणाली. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात ताण साचत जातो, मग एकाएकी सुटतो, आणि पाहता पाहता तेवढा भाग उजळतो. मग तिनं जे केलं त्याचं मला वाईट वाटलं. तिनं त्या सुंदर फोटोतल्या सगळ्या ठिपक्यांचा उजेड एकत्र मिळवला आणि सूर्याच्या जागी फक्त एक आकडा ठेवला. पुढच्या फोटोचा पुढचा आकडा. असं करत करत पडद्यावर एक रेघ उमटली, जवळजवळ सपाट.

धुरपता सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन हेच करते काय व? चांगला फोटो होता, मिटवून टाकला."

मलाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, एखादं चांगलं पुस्तक वाचायचं सोडून तराजूत टाकावं आणि त्याचं वजन लिहून ठेवावं, तसं झालं हे.

दिव्यानी हसली. "मामाजी, दूरच्या ताऱ्याचं पुस्तक उघडताच येत नाई. वजनच तेवढं भेटते."

मग तिनं समजावून सांगितलं. कितीही मोठी दुर्बीण लावली तरी दूरचा तारा बहुतेक वेळा ठिपकाच राहतो. त्याच्यावर भडका उडाला तर ठिपका थोडा उजळतो, एवढंच कळतं. तो कुठल्या बाजूला उडाला, कशानं उडाला, त्यातून काय बाहेर फेकलं गेलं, काहीच दिसत नाही. काही छोटे लाल तारे सूर्यापेक्षा कितीतरी जोरानं भडकतात आणि त्यांच्याभोवती ग्रह फिरत असतात. तिथं काय होत असेल हे जाणून घ्यायचं तर एकच तारा असा आहे, ज्याचं तोंडही दिसतं आणि वजनही करता येतं. म्हणून सूर्य मुद्दाम दूर असल्यासारखा पाहायचा. जवळून काय घडलं ते माहीत असतं. दुरून ते कसं दिसलं असतं ते काढायचं. मग दुसऱ्या ताऱ्याच्या रेघेत तशीच खूण सापडली तर तिथं काय घडलं असेल याचा अंदाज करता येतो.

"आणि इथी पाहा," ती म्हणाली. रेघ भडक्याच्या वेळी वर चढली होती आणि नंतर अगदी थोडी, मूळच्या पातळीच्याही खाली, उतरली होती. "भडका झाल्यावर थंड वायूचा मोठा लोट सूर्यावरून उठून आपल्याकडं येते. त्याच्या आड उजेड जाते म्हणून ही घट. चढ सगळ्यायले दिसते. घट पाह्यले शिका लागते."

मी ती घट बराच वेळ पाहत बसलो. एवढ्याशा उतारावरून ही पोरगी सांगत होती, की तिथून काहीतरी उठून निघून गेलं.

त्याच दिवशी मी रेल्वे फाटकाजवळ चहा प्यायला गेलो तर लटारूभाऊ तिथं माझी वाटच पाहत बसले होते. ती आली आहे हे त्यांना कळणारच होतं. खूप वाळले होते. नमस्कार-चमत्कार झाले, कंपनीतल्या चार गोष्टी झाल्या, माझ्या जागी आलेला नवा प्रॉम्प्टर मोबाइलवर पाहून वाचतो आणि मध्येच फोन वाजतो, अशी तक्रार झाली. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "मास्तर, मले तिच्याशी बोलाचं आहे. तुमी लिहून द्या. मी पाठ करतो."

मी म्हणालो, हे मी कसं लिहिणार. हे तुमचं तुम्हालाच बोलावं लागेल.

"माह्यं काय आहे त्याच्यात? आजवरी जे बोललो ते कोनं ना कोनं लिहिलेलंच बोललो."

मी नकाराची मान हलवत राहिलो. आयुष्यभर पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली होती, की असे शब्द उसने घ्यायचे नसतात, ते माणसाच्या आतून यावे लागतात. आज मला वाटतं, ही गोष्ट पुस्तकांत छान दिसते म्हणूनच मी खरी मानली असेन. त्यांना लिहून काही दिलं नाही. एवढंच सांगितलं, की कॉलेजचा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला आहे. घरी बोलवू नका असं दिव्यानी म्हणाली होती. कॉलेज म्हणजे घर नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

कार्यक्रम दुपारी होता. दिव्यानी शुद्ध मराठीत, थोडी चाचपडत, बोलायला लागली. पोरं चुळबुळत होती. मग तिनं मोहाच्या झाडांचा विषय काढला. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि कधी कधी ती आग डोंगरभर पसरते. आपण दूरच्या गावातून पाहतो तेव्हा डोंगरावर नुसता लाल उजेड दिसतो. किती झाडं पेटली, वारा कुठल्या बाजूचा, माणसं तिथं आहेत की नाहीत, यातलं काही कळत नाही. पण समजा आपल्याच गावाशेजारचा डोंगर कधी पेटला. एकानं तो जवळून पाहिला आणि दुसऱ्यानं त्याच वेळी दूरच्या गावातून पाहिला, आणि मग दोघं बसून बोलले. तर पुढं परक्या डोंगरावरचा उजेड पाहूनही थोडंफार सांगता येईल. सूर्य हा आपल्या गावाशेजारचा डोंगर आहे, ती म्हणाली. पोरं गप्प झाली होती. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, की मग दूरच्या ताऱ्याची आग आपल्यापर्यंत येईल काय. ती म्हणाली, उजेड तेवढा येतो. तोसुद्धा केव्हाच होऊन गेलेल्या भडक्याचा.

नंतर सगळे मैदानात गेले. प्रफुल सरांनी कॉलेजची छोटी दुर्बीण उन्हात मांडली होती. दुर्बिणीतून सूर्याकडं डोळा लावायचा नाही, तिच्यामागं पांढरा पुठ्ठा धरून त्यावर सूर्य पाडायचा आणि तो पाहायचा, असं तिनं सगळ्यांना बजावलं. पुठ्ठा धरायचं काम माझ्याकडं आलं. असली कामं माझ्याकडं येतात. पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य पडला होता आणि त्यावर तिळासारखे डाग. ती प्रत्येकाला आधी डाग दाखवायची. मग दुर्बिणीचं चाक फिरवून चित्र धूसर करायची आणि विचारायची, आता सांगा डाग कुठी आहे. कोणाला सांगता यायचं नाही. ताऱ्यांचं असंच आहे, ती म्हणायची, आणि पोरं हसत पुढं सरकायची.

रांगेत पोरांच्या मागं गावातली मंडळीही उभी होती. त्यांत लटारूभाऊ होते. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, पायांत नवे बूट. मी त्यांना पुढं सरकताना पाहत होतो आणि पुठ्ठ्याकडं माझं लक्ष नव्हतं. दिव्यानी दोनदा मला म्हणाली, मामाजी, स्थिर धरा.

मग ते समोर आले. तिनं मान वर केली. क्षणभर मला वाटलं, ती दुर्बीण सोडून निघून जाईल. पण तिनं इतरांना म्हटलं तसंच त्यांना म्हटलं, "पुढं या. इथं पाहा."

ते वाकले. त्यांनी डाग पाहिले. तिनं चाक फिरवलं, सूर्य धूसर झाला. लोक इथं आल्यावर बाजूला होत, पण ते झाले नाहीत. पुठ्ठ्याकडं पाहतच त्यांनी विचारलं, "याचे डाग तरी दिसते. ताऱ्याचे तर दिसतच नाई म्हनता तुमी. मंग तिथी काय झालं ते कसं समजते?"

पोटच्या पोरीला ते तुमी म्हणत होते. त्यात नाटक नव्हतं. त्यांना काय म्हणावं ते कळत नव्हतं, इतकंच.

ती सांगू लागली. एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं सुरू केलं, पण हळूहळू तिचा आवाज उतरला. उजेड कसा चढतो, मग उठलेल्या लोटाच्या आड तो थोडा कसा कमी होतो, ती घट किती बारीक असते आणि किती वेळा लोक ती चूक समजून सोडून देतात, हे सगळं तिनं सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. इतकी वर्षं मी त्यांना बोलताना ऐकलं होतं; ऐकताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हणजे जवळच्याले नीट पाह्यलं का दूरचं समजते," ते म्हणाले.

"समजतेच असं नाई," ती म्हणाली. "अंदाज येते."

ती चाकावर हात ठेवून उभी होती, पण पुढच्या माणसाला बोलवत नव्हती. ती थांबली होती. आतासुद्धा मला खात्री आहे की ती थांबली होती. लटारूभाऊ सरळ झाले. त्यांची नजर कॉलेजच्या भिंतीपलीकडं कुठंतरी लागली आणि त्यांची हनुवटी किंचित डावीकडं वळली.

डावीकडं मी उभा होतो.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. 'तुझी आई गेली तेव्हा मी तिथं असायला पाहिजे होतं.' बस एवढं. कोणा लेखकाची गरज नव्हती त्याला. मला फक्त ओठ हलवायचे होते. माझा खड्ड्यातला तो आवाज त्यांच्या कानापलीकडं कधी गेला नव्हता. पण मला वाटलं, आता तरी ते स्वतःचं बोलतील. मला वाटलं, दिव्यानीला ऐकू गेलं तर. मला वाटलं, माझ्या शब्दांनी त्यांचं जुळलं तर ते जुळणं खोटं होईल. असं पुष्कळ काही वाटलं आणि तेवढ्या वेळात मी काहीच बोललो नाही.

वाक्य न मिळालेला नट काय करतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. तो पाठ असलेलं कुठलं तरी बोलतो.

लटारूभाऊंनी छाती भरून घेतली आणि गेल्या कित्येक हंगामांत गाजलेल्या एका बापाचा आवाज मैदानभर घुमला. "लेकी, ज्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी तू पुसलं नाहीस, त्या बापाच्या चितेला तरी तुझ्याच हातचा अग्नी मिळू दे."

रांगेत एकदम टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारे गृहस्थ वा लटारूभाऊ, वा, म्हणत पुढं आले. त्यांना तो दुर्बिणीच्या कार्यक्रमातलाच भाग वाटला असावा. आणि लटारूभाऊंचा हात सवयीनं छातीवर गेला, ते टाळ्यांकडं वळले आणि थोडे वाकले.

ते वाकले नसते तर, असं मी अनेकदा मनात म्हणून पाहिलं आहे.

दिव्यानीनं चाक फिरवून सूर्य पुन्हा स्पष्ट केला. "पुढं कोण आहे?" ती म्हणाली.

ते निघाले. काही लोक त्यांच्याबरोबर बोलत बोलत कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. त्यानंतर ते सायकल स्टँडपाशी एकटेच थांबले, भिंतीकडं तोंड करून. खांदे पडले होते. शाल एका बाजूनं जमिनीला लागली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. हे कोणी पाहत नव्हतं. रांग सूर्याकडं पाहत होती. मी पाहत होतो. पुठ्ठा कोणाच्याही हातात देऊन मला तिकडं जाता आलं असतं. दिव्यानी म्हणाली, मामाजी, थोडं वर. मी पुठ्ठा वर धरला.

त्या रात्री आम्ही घरी जेवायला बसलो. धुरपतानं भाजी वाढताना सुरुवात केली, "बापाले पाह्यलं म्हने आज," आणि दिव्यानीनं पाण्याचा तांब्या मागितला. धुरपतानं माझ्याकडं पाहिलं आणि विषय सोडला. ती सहसा विषय सोडणारी नाही.

ती निघाली त्या सकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गोंदियाच्या गाडीला उशीर होता. फलाटावर तांदळाची पोती रचलेली होती, त्यांच्या आडोशाला आम्ही बसलो. ती तिकडच्या थंडीबद्दल, मिळणार असलेल्या खोलीबद्दल बोलत होती. दोन ताऱ्यांची निरीक्षणं तिला मिळणार होती आणि त्यांतल्या एकाच्या रेघेत तशी घट आहे की नाही यावर तिथल्या लोकांचं एकमत नव्हतं. मी हूं हूं करत होतो. मग ती एकदम म्हणाली.

"मामाजी, त्या दिवशी ते थांबले होते. तुमच्यासाठी."

मी रुळांकडं पाहू लागलो.

"लहानपणी मी तुमच्याच बाजूले बसत होती खड्ड्यात. त्यायची हनुवटी फिरली का तुमी बोलत होते." तिनं बॅगेचा पट्टा हातावर गुंडाळला आणि सोडला. "त्या दिवशी काऊन नाई बोलले?"

मी म्हणालो, की शब्द त्यांचे असावेत असं मला वाटलं. हे बोलताना ते मलाच किती पोकळ वाटलं.

"कोनाचे का असेना," ती म्हणाली. "मी ऐकलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. गाडी आली. मी बॅग वर दिली. तिनं खिडकीतून मला वाकून नमस्कार केला आणि मामीला सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, असं काय काय सांगत राहिली. ती बाब तिनं पुन्हा काढली नाही.

दोन दिवस मी घरात बसून काढले. पुस्तक उघडायचो आणि त्याच पानावर राहायचो. तिसऱ्या दिवशी धुरपतानंच मला बाहेर काढलं. "जा त्यायच्याकडे. इथी बसून कोनाचं भलं करून राह्यले?"

लटारूभाऊंचा त्या दिवशीचा प्रयोग कुरखेड्याकडच्या एका गावात होता. मी बसनं दुपारपर्यंत पोहोचलो. कंपनीची मंडळी गावच्या शाळेच्या एका खोलीत उतरली होती. बाकं भिंतीशी सरकवून सतरंज्या टाकलेल्या, बहुतेक सगळे झोपलेले. लटारूभाऊ खिडकीत छोटा आरसा टेकवून दाढी करत होते. एका गालाला साबण होता. मला पाहून त्यांना वाटलं, मी परत खड्ड्यात बसायला आलो. ते खूश झाले.

मी त्यांना बाहेर, व्हरांड्यात, नेलं आणि स्टेशनवरचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी रागवावं अशी इच्छाच होती म्हणा ना. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"तिनं वळखलं? मी थांबलो ते?"

हो, मी म्हणालो.

"म्हणजे ते मले पाहून राह्यली होती." वस्तरा हातात तसाच धरून ते हसले. साबण सुकत चालला होता. "मले वाटलं, ते पाहतच नाई माह्याकडे."

मी खिशातून तिचा नंबर लिहिलेला कागद काढला. पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"फोनवर नाई होत, मास्तर. फोनवर आवाजच जाते. माह्या आवाजावर पोरगी भरोसा करन काय? लोकायले विकला तो मी." मग म्हणाले, "समोर पाहिजे. तोंड दिसाले पाहिजे."

ती परत येईल तेव्हा, असं मी काहीतरी बोललो. दोन वर्षांनी, असंही म्हणालो असेन. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं वय माझ्याएवढंच आहे आणि हिशेब आम्हा दोघांनाही येतो. मग ते माझ्याकडं वळले.

"तुमच्या तोंडात काय होतं त्या वेळी? सांगा मले आता."

मी सांगितलं.

"एवढंच?"

एवढंच, मी म्हणालो.

"मले वाटलं, लय मोठं असन." ते शाळेच्या मैदानाकडं पाहत राहिले. तिथं गावातले लोक मांडवाचे बांबू पुरत होते. मग ते हळू, खालच्या आवाजात, मी आजवर कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "तुही माय गेली तवा मी तिथी असाले पाहिजे होतो."

खोलीत कोणीतरी कूस बदलली. एक बांबू कलला आणि लोकांनी तो पुन्हा सरळ केला.

"बराबर आलं काय?" लटारूभाऊंनी विचारलं.

मी हो म्हणालो. पण ते मी ठरवायचं नव्हतं, आणि जिनं ठरवायचं तिचं विमान एव्हाना समुद्र ओलांडून गेलं होतं. लटारूभाऊंनी मान डोलावली, आत गेले आणि सुकलेल्या गालाला पुन्हा पाणी लावू लागले.